नापासाची गुणपत्रिका



संस्थेने मला गुणवंतांच्या सत्कारासाठी बोलावले आहे. पण मी बोलणार आहे नापासाबद्दल. कारण आज हार घेणाऱ्यांपैकी काही जण पुढे कॉलेजात गणितात अडखळतील आणि घरी सांगणार नाहीत. मीही सांगितले नव्हते.

दहावीला गणितात मला ८८ टक्के होते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला १०० पैकी १९. ती गुणपत्रिका पेटीच्या तळाशी गेली. वडील गिरणीत होते. 'पोरगा गणितात हुशार' असे ते चाळीत सांगत, आणि मी मान खाली घालून ऐकत असे.

अशा वेळी लोक रामानुजन यांचे नाव घेतात. मला ते उदाहरण पटत नाही. ते एफ.ए.ला नापास झाले ते इंग्रजी, शरीरशास्त्र अशा विषयांमुळे, गणितामुळे नव्हे. आपली अडचण निराळी आहे. शाळेत रीत पाठ असली की भागते. कॉलेजात सिद्धता मागतात, तीही इंग्रजीत. सीमेच्या व्याख्येतले एप्सिलॉन-डेल्टा मी अक्षरशः पाठ केले होते. प्रश्न जरा फिरवून आला आणि मी कोरा.

वरच्या वर्गातल्या एका मुलाने ते मराठीत सांगितले. "अरे, हा सौदा आहे. क्ष ३ च्या जवळ आला की २क्ष + १ ही किंमत ७ च्या जवळ येते. समोरचा म्हणतो, फरक ०.०१ पेक्षा कमी पाहिजे. तू सांग, क्ष ३ पासून ०.००५ च्या आत ठेवतो. तो कितीही बारीक फरक मागू दे, तू त्याच्या निम्मा धर. त्याचा एप्सिलॉन, तुझा डेल्टा." वर्षभर न कळलेले दहा मिनिटांत कळले.

मग त्याने माझ्याकडून गणिते सोडवून घेतली. बहुतेक चुका कॅल्क्युलसच्या नव्हत्याच. अकरावीच्या त्रिकोणमितीच्या होत्या, अपूर्णांकांच्या होत्या. कॉलेजात जाऊन अकरावीचे पुस्तक उघडायची लाज वाटे. मी त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते! रोज एक सिद्धता, वही मिटून, पुन्हा लिहायची.

ऑक्टोबरला ३४. एका गुणाने पुन्हा नापास. पुस्तक फेकावेसे वाटले. एप्रिलला ५८.

तेव्हा तिन्ही गुणपत्रिका वडिलांपुढे ठेवल्या. चौथी शिकलेले वडील १९ वर बोट ठेवून म्हणाले, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" मला उत्तर देता आले नाही.

दर रविवारी सकाळी दहाला मी संस्थेच्या वाचनालयात बसतो. केटी लागलेल्यांनी यावे. अकरावीचे पुस्तक सोबत आणावे, कव्हर न घालता.