खण आणि जीन्स

आजीच्या चोळीचा खण आता कॉलेजच्या कट्ट्यावर दिसतो. हे विणकाम मूळचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, गुळेदगुड्डचं. हातमागावर विणलेली बारीक नक्षी, दोन्ही बाजूंना काठ. नक्षी आधीच भरगच्च, म्हणून खणाच्या आखूड कुर्त्याखाली साधी निळी जीन्स आणि पायात कोल्हापुरी पुरे. गळ्यात काही नको. कानात ऑक्सिडाइज्ड झुमके चालतील. मुलांनी पांढऱ्या सुती सदऱ्यावर खणाचं बिनबाह्यांचं जाकीट घालून पाहावं. शिवताना सुती अस्तर लावायला सांगा, नाहीतर घामाने कापड अंगाला चिकटतं. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात. आणि हो, बाजारात स्वस्त मिळणारा खण बहुधा यंत्रमागावरचा, पॉलिएस्टरचा असतो. दिसतो छान, पण उन्हाळ्यात जीव नकोसा करतो.