कामगारांच्या मुलांनी अर्थशास्त्र कोठे शिकावे?

(पिंपरी येथे कामगार पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांत एकच प्रश्न ऐकू येतो : इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल काय? तो न मिळाल्यास कॉमर्स, आणि तेही न साधल्यास कला शाखेतील अर्थशास्त्र. ही उतरंड कामगार चळवळीला महाग पडत आहे.

2013 साली चाकणच्या बजाज ऑटो कारखान्यात सुमारे 50 दिवस संप चालला. प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर एक रुपया दराने मिळावेत, अशी त्यातील एक मागणी होती. ती मान्य झाली नाही. परंतु निर्माण होणाऱ्या मूल्यात श्रमाचा वाटा किती, हा त्यामागील प्रश्न अर्थशास्त्राच्या मुळाशी जाणारा होता.

दुसरे उदाहरण महागाई भत्त्याचे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष 2020 साली बदलले आणि 2001 ऐवजी 2016 आले. त्यात अन्नाचा भार सुमारे 46 टक्क्यांवरून 39 टक्क्यांवर उतरला. म्हणजे धान्य-भाजीपाला तितकाच महागला, तरी निर्देशांक पूर्वीपेक्षा कमी वर सरकणार. वाटाघाटीच्या टेबलावर मालकाच्या बाजूस हे जाणणारा तज्ज्ञ बसलेला असतो. आपल्या बाजूस कोण असते?

म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नका. तीन प्रश्न विचारा. पहिला : अर्थशास्त्राचे कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? पुढील वर्षी आपण येथे असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो शिक्षक विद्यार्थ्याचा पाठपुरावा कसा करणार? कंत्राटी कामगाराच्या घरात हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरा : गणित आणि संख्याशास्त्र मनापासून शिकवले जाते काय? त्यांच्यावाचून पुढील दारे बंद होतात. यास्तव अकरावी-बारावीत गणित सोडू नका. तिसरा : ग्रंथालय विद्यार्थ्यांना खुले आहे काय, आणि वर्गाबाहेर जाऊन पाहणी करण्याची सवय लावली जाते काय?

या कसोट्यांची परंपरा आपल्या दाराशी आहे. लोकलने शिवाजीनगरला उतरले की 1885 साली स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय जवळच आहे. तेथे गोपाळ कृष्ण गोखले यांनी अध्यापन केले. त्याच परिसरात 1930 साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी करविली. तिचा पहिला भाग 1945 साली प्रसिद्ध झाला. याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्याचा हिशेब देशापुढे मांडला. पदव्युत्तर शिक्षणासाठी ही संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आणि मुंबई विद्यापीठाचा जुना विभाग यांचा विचार अवश्य करावा. पिंपरी-चिंचवडच्या मुलाला पुण्यात शिकताना वसतिगृहाचा खर्चही टाळता येतो.

मोठे नाव म्हणजे सर्वस्व नव्हे. नामवंत संस्थेतही शुल्क परवडते काय, मराठी माध्यमातून आलेल्या मुलास इंग्रजी ग्रंथ वाचण्यास साहाय्य मिळते काय, हे पाहिलेच पाहिजे. उलट गावातील साध्या महाविद्यालयात एखादा तळमळीचा प्राध्यापक असेल, तर तेथे घेतलेली पदवी कमी प्रतीची ठरत नाही.

कार्यकर्त्यांना एक विनंती. प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक शाखेने दोन जणांवर ही चौकशी सोपवावी. शुल्कसवलतीचे अर्ज भरून द्यावेत, मुलींच्या घरी आवर्जून जावे. संघटनेचा ताळेबंद वाचणारी आणि मालकाच्या ताळेबंदावर प्रश्न विचारणारी पिढी भाड्याने आणता येत नाही. ती आपल्याच चाळींतून शिकून आली पाहिजे.