अकालीं थांबलेली पाळी

श्रोत्या भगिनींनो, आणि शेजारीं बसून ऐकणाऱ्या सासूबाईंनो, आजचा विषय चारचौघांत उच्चारण्यास आपण संकोचतों. हा संकोच महाग पडतो, म्हणून आज तो बाजूस ठेवतें.

बत्तीस वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. दीड वर्ष त्यांची पाळी बंद होती. प्रारंभीं शेजारणींनीं 'गोड बातमी' ठरवून टाकली. ती खोटी ठरल्यावर कोठेंतरी पाळी आणण्याच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या घेतल्या कीं स्राव होई, एरवीं नाहीं. घरांत म्हणत, 'बरें झालें, कटकट गेली.' रात्रीं अंग घामानें भिजे, झोंप येईना. त्यास उष्णता समजून सब्जा दिला जाई. एवढ्या काळांत रक्ताची तपासणी मात्र कोणींच केली नव्हती.

पाळी चुकली कीं प्रथम गर्भ राहिला आहे कीं काय तें पाहावें. तसें नसेल आणि नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाहीं, तर कारण शोधलेंच पाहिजे. थायरॉईडचा बिघाड, प्रोलॅक्टिनची वाढ, पी.सी.ओ.एस., एकाएकीं घटलेलें वजन, मनावरील ताण अशीं कारणें पुष्कळ आहेत. आपल्या देशांत गर्भाशयाचा क्षयही विसरून चालत नाहीं. पंधरावें वर्ष पुरें होऊनही ज्या मुलीस पाळी आली नाहीं, तिलाही 'येईल उशिरा' म्हणून थांबवूं नये.

या बाईंचे बीजकोशच मंदावले होते. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथि आहे. ती बीजकोशांस कामाला लावते. बीजकोश ऐकेनासे झाले कीं ती अधिक मोठ्यानें हांका मारते. ही हांक म्हणजेच रक्तांतील एफ.एस.एच. वय चाळिशीच्या आंत, पाळी निदान चार महिने अनियमित अथवा बंद, आणि हा आंकडा २५ च्या वर, असें आढळलें म्हणजे निदान जवळजवळ ठरतें. शंका असल्यास चार ते सहा आठवड्यांनीं तपासणी पुन्हा करावी. हार्मोनच्या गोळ्या चालू असतां आंकडा फसवूं शकतो, हें डॉक्टरांस आधींच सांगावें.

हा विकार नवा नव्हे. १९४२ सालीं अमेरिकेंत फुलर ऑलब्राइट व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें वर्णन केलें होतें. कधीं गुणसूत्रांत दोष असतो, कधीं शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटतें, कधीं कर्करोगाच्या औषधांनीं बीजें नष्ट होतात. पुष्कळदां कारण सांपडतच नाहीं. बाईच्या पापपुण्याचा येथें कांहींही संबंध नाहीं, हें मला रोज एखाद्या घरीं सांगावें लागतें!

मूल हवें असो वा नसो, उपचार हवाच. इस्ट्रोजेनवांचून हाडें ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तें गोळीनें, चिकटपट्टीनें अथवा कातडीवर लावावयाच्या जेलनें देतात. गर्भाशय असल्यास जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतें, नाहींतर गर्भाशयाचें अस्तर अवास्तव वाढतें. साधारण पन्नाशीपर्यंत हें चालू ठेवावयाचें. '२००२ सालीं तर हीं औषधें घातक ठरलीं ना?' असें विचारतात. तो अमेरिकन अभ्यास ५० ते ७९ वर्षांच्या स्त्रियांचा होता. तरुणीस आपण देतों तें तिच्या शरीरानें एरवीं स्वतःच केलें असतें. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांची गोष्ट अर्थात् निराळी.

बीजकोश कधीं कधीं अचानक जागे होतात. शंभरांतील पांच ते दहा जणींस आपोआप दिवस जातात. म्हणून मूल नको असेल तर वेगळी काळजी घ्यावी. हा उपचार म्हणजे संततिनियमन नव्हे. मूल हवें असल्यास दुसऱ्या स्त्रीचें बीज घेण्याचा मार्ग आहे. त्यास २०२१ च्या कायद्याचे नियम लागू आहेत.

त्या बाईंच्या हाडांची घनता मोजली, ती वयाच्या मानानें कमी निघाली. आतां त्या औषध घेतात, पहाटे फिरावयास जातात, झोंपही लागते. घराण्यांत आणखी कोणाची पाळी लवकर गेली होती काय, असें मीं विचारलें होतें. परवां त्या पुन्हा आल्या, त्या धाकट्या बहिणीस घेऊनच.