इन्सुलिनच्या कोठाराचें द्वार

जेवणानंतर रक्तांत साखर वाढते आणि स्वादुपिंडांतून इन्सुलिन पाझरूं लागतें, हें आपणांस ठाऊक आहेच. परंतु साखर वाढल्याची वर्दी त्या सूक्ष्म पेशीला पोंचते कशी?

स्वादुपिंडांतील बीटा पेशीच्या आवरणांत प्रथिनांचीं बनलेलीं लहान लहान द्वारें असतात. उपाशीपोटीं पोटॅशियमचें द्वार उघडें असतें. विद्युद्भारित पोटॅशियम बाहेर झिरपतें आणि पेशीची आंतली बाजू ऋणभारित राहते. साखर आंत शिरून जळली, कीं 'एटीपी' नामक शक्तिद्रव्य वाढतें व तें हें द्वार मिटवितें. ऋणभार ओसरतो, त्यासरशी कॅल्शियमचें द्वार उघडतें आणि आंत आलेल्या कॅल्शियममुळें इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रित्या होतात.

हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. कांहीं अर्भकांना जन्मानंतर सहा महिन्यांच्या आंतच मधुमेह जडतो. त्यांपैकीं अनेकांत पोटॅशियमच्या द्वाराची घडणच सदोष असून तें नीट मिटत नाहीं, असें २००४ सालीं उघडकीस आलें. इन्सुलिन असतें, पण कोंडलेलें! सल्फोनिलयुरिया वर्गाच्या गोळ्या एटीपीवांचूनही तें द्वार मिटवितात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत अशा ४९ रुग्णांपैकीं ४४ जणांची इन्सुलिनची सुई सुटली.

मात्र यावरून प्रत्येक मधुमेह्यानें सुई टाकूं नये. जेथें बीटा पेशीच नष्ट झाल्या, तेथें द्वार मिटवून काय उपयोग? परंतु इतक्या कोंवळ्या वयांत मधुमेह जडलेलें मूल आपल्या आप्तांत असेल, तर त्याच्या जनुकांची तपासणी अवश्य करवून घ्यावी, एवढीच माझी विनंति.