मानाची जागा आणि पायांजवळची जागा

दीनदुबळ्यांवर दया करावी, हे सांगताना कोणताही धर्म फारसा अडखळत नाही. अवघड होते ते त्यांना मान देण्याचा प्रश्न आला की. दया वरून खाली देता येते आणि देणाऱ्याचे आसन तिच्यामुळे जरादेखील हलत नाही, मान मात्र समोरच्याला बरोबरीला बसवल्यावाचून देताच येत नाही. ख्रिस्ती विचाराने हा फरक किती नेमका ओळखला होता, हे नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिसते. तेथे एका सभेचे चित्र आहे : बोटात सोन्याची अंगठी आणि अंगावर भारी वस्त्रे असलेला एक मनुष्य आत येतो, पाठोपाठ मळक्या कपड्यांतला एक गरीब येतो, पहिल्याला मानाची जागा दाखवली जाते, दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायांजवळ बसायला सांगितले जाते. अशा वागण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘प्रोसोपोलेम्प्सिया’ असा शब्द आहे; त्याचा धातुगत अर्थ चेहरा धरणे, म्हणजे मराठीत ज्याला तोंड पाहून वागणे म्हणतात तेच. याकोब त्याला शिष्टाचारातील चूक म्हणून सोडून देत नाही, सरळ पाप म्हणतो. आणि ते पाप उपासनेसाठी जमलेल्या मंडळीतच घडते, ही त्यातली खरी मेख आहे.

येशूचीही अशीच पारख झाली होती. मार्कच्या शुभवर्तमानात त्याच्याच गावचे लोक त्याला ‘तेक्तोन’, म्हणजे लाकडाचे वा बांधकामाचे काम करणारा कारागीर, असे म्हणून त्याच्या शिकवणुकीवर शंका घेतात. योहानाच्या शुभवर्तमानात नासरेथसारख्या गावातून काही चांगले निघेल का, असे विचारले जाते. आणि त्याचा शिष्य पेत्र महायाजकाच्या अंगणात ओळखला जातो तो त्याच्या गालीली बोलीवरून. गाव, धंदा आणि बोली या तीन खुणांवरून माणसाचे माप काढण्याची रीत भारतीय वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

याच रीतीला ईश्वरविज्ञानाच्या, म्हणजे देव आणि माणूस यांच्या नात्याच्या पद्धतशीर चिंतनाच्या, पातळीवर भारतात थेट आव्हान दिले गेले ते बंगळूरूमध्ये, आणि देणारा विचारवंत महाराष्ट्रातला होता. 1910 साली स्थापन झालेल्या येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या केरी सोसायटीपुढे एप्रिल 1981 मध्ये प्रा. अरविंद निर्मळ यांनी ‘शूद्र ईश्वरविज्ञानाकडे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे भाषण केले आणि पुढे दलित ईश्वरविज्ञान म्हणून ओळखल्या गेलेल्या विचारप्रवाहाचा आरंभ त्या भाषणापासून मानला जातो. त्या सोसायटीचे नावही येथे अर्थपूर्ण ठरते. 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठी कोश छापणारे विल्यम केरी तरुणपणी इंग्लंडमध्ये जोड्यांचे काम करीत असत. एका मेजवानीत कोणीतरी हा पूर्वेतिहास खोचकपणे उकरून काढला, तेव्हा आपण जोडे बनवणारेही नव्हतो, केवळ जुने जोडे दुरुस्त करणारे होतो, असे त्यांनी सांगितल्याची हकीकत त्यांचे चरित्रकार देतात. केरींना ते सांगता आले, कारण त्यांचा धंदा मागे पडला होता. भारतात चामड्याचे काम सोडले तरी ते जन्माला चिकटून राहते. निर्मळांचा प्रश्न नेमका येथून सुरू होतो.

तोवरचे भारतीय ख्रिस्ती चिंतन बहुतांशी वेदान्ताशी संवाद करण्यात रमले होते आणि मंडळ्यांमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचा अनुभव त्यात जवळजवळ कोठेच नव्हता, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली शेतकरी पहिले पीक देवापुढे ठेवताना आपल्या भटक्या पूर्वजाची आणि मिसरातील गुलामगिरीची आठवण उच्चारतो. दलित ख्रिस्ती माणसानेही आपली वंचना अशीच, लाज न बाळगता, श्रद्धेच्या कबुलीत उच्चारावी, असे निर्मळांनी मांडले. कृतीच्या आधी वेदना असते आणि वेदनेतूनच देव कळतो, हे त्यांचे सूत्र होते. यशयाच्या ग्रंथातील दुःख सहन करणाऱ्या सेवकाचा आधार घेऊन ते देवालाच सेवक म्हणतात, आणि झाडणाऱ्याचे वा कपडे धुणाऱ्याचे काम त्या सेवक-देवाशी नाते सांगते, असा निष्कर्ष काढतात. लादलेल्या कामाला यातून पावित्र्य चढेल, असा आक्षेप यावर घेतला गेला आणि तो वजनदार आहे. तरीही मान कोणी वरून बहाल करायचा नसून तो आधीपासून तेथे असतो, हा निर्मळांचा मुद्दा त्या आक्षेपाने ढळत नाही.

मंडळीचा स्वतःचा हिशेब मात्र अजून चुकता झालेला नाही. लक्ष्मीबाई टिळक 1900 साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वी आधीच ख्रिस्ती झालेल्या पतीच्या घरीही आपले अन्नपाणी वेगळे ठेवीत, आणि हा सोवळेपणा कसा गळून पडला हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये कमालीच्या प्रामाणिकपणे लिहिले, एवढा प्रामाणिकपणा संस्थांना क्वचितच जमला. तमिळनाडूत जातीनुसार विभागलेली ख्रिस्ती दफनभूमी आजवर वादाचा विषय राहिली आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली, आणि दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, यांना ते पद मिळायला 2022 साल उजाडावे लागले.

करिंथच्या मंडळीत सवड असलेले श्रीमंत लवकर येऊन जेवून घेत आणि ज्यांच्याजवळ काहीच नसे ते उपाशी राहत, तेव्हा असे जेवण प्रभूचे भोजन नव्हे, असा निर्वाळा पौलाने दिला. रविवारी एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांच्या घरीही, बंगळूरूत काय आणि पुण्यात काय, कामाला येणाऱ्या बाईंचा कप सिंकच्या कोपऱ्यात वेगळा पालथा घातलेला आढळतो. तो कप आज घरी गेल्यावर इतर कपांत मिसळावा आणि उद्या त्या बाईंना चहा द्यायचा तो खुर्चीवर बसवून द्यावा, एवढी श्रोत्यांना विनंती आहे.