परसातलं सीताफळ

परसात झाड लावायचं ठरलं तेव्हा गटातल्या एक ताई म्हणाल्या, "प्यायला टँकर, झाडाला काय घालता?" म्हणून आम्ही सीताफळ निवडलं. बीडकडच्या बालाघाटच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मुरमाड डोंगरावरचंच. शिवाय शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. कुंपण वाचलं!

जूनमध्ये दोन फुटी खड्डा, शेणखत, आणि बीपासूनचं रोप. पहिले दोन उन्हाळे भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. उन्हाळ्यात पानं झडली तर झाड मेलं म्हणून आमच्यातल्या एकीनं कोयताच काढला होता. थांबा, पावसाला ते फुटतं. चौथ्या वर्षी फळं आली.

फळाचे डोळे उघडून मधल्या रेघा पिवळट दिसल्या की तोडा. आधी तोडलेलं पिकत नाही, काळं पडतं. व्यापारी झाडावरच उक्तं मागत होता. आम्ही दिलं नाही. पाटीत पाला घालून आठवडी बाजारात बसलो. जिचं झाड तिच्या हातात पैसे.

एक चूक मात्र झाली. उवांसाठी बियांची पूड एका मुलीच्या केसांना लावली, ती डोळ्यात गेली. डोळा लालबुंद, पोर रात्रभर रडली. ही पूड बुबुळाला इजा करते. डोक्याला लावूच नका. चुकून डोळ्यात गेलीच तर भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

आम्ही यंदा बिया पिशव्यांत लावल्यात. रोपं हवी असतील तर गटाच्या बैठकीला या.