नोटरी घरीं येतो तेव्हां

मी कायद्याचा पंडित नाहीं. मॅट्रिक होऊन मराठी शाळेंत मास्तर झालों, छत्तीस वर्षें मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविलें, आणि निवृत्त झालों. निवृत्त मास्तराच्या घरीं शेजाऱ्यापाजाऱ्यांची एक ठराविक रहदारी असते. ती अर्ज लिहून घेण्यासाठीं. अर्जामागून प्रतिज्ञापत्र येतें आणि प्रतिज्ञापत्रामागून नोटरी येतो. त्यामुळें ह्या गृहस्थाशीं माझा परिचय गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळच वाढला आहे. आज त्याच्याविषयीं, आणि विशेषतः तो आपली कचेरी सोडून आपल्या दारीं येतो त्या प्रसंगाविषयीं, चार शब्द बोलावयाचे आहेत.

साक्षीची गरज आपल्याकडे नवी नव्हे. जुन्या मराठी महजरांच्या तळाशीं पाहावें. पाटलाच्या नांवापुढें नांगर काढलेला असतो, आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करतात. लिहितां न येणाऱ्या त्या मंडळींची साक्ष कोणी कमी मानली नाहीं. कारण ती माणसें त्या जागीं हजर होतीं, आणि एकमेकांना ओळखत होतीं. शहरांत ही ओळख संपली. शेजारच्या दारावरची पाटी आपल्याला ठाऊक असते, माणूस ठाऊक नसतो. म्हणून गांवाच्या वतीनें ओळखणारा एक माणूस सरकारला नेमावा लागला, असें मी मुलांना समजावून सांगत असें.

प्रत्यक्ष इतिहास अर्थात् थोडा निराळा आहे. नोटरी हा शब्द रोमन लोकांचा. तिकडे तो टांचण करणारा लेखनिक होता. इंग्लंडांत नोटरी नेमण्याचा अधिकार पूर्वीं पोपकडे होता. तो १५३३ च्या कायद्यानें कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला. आपल्याकडे हुंड्या व चेक ह्यांसंबंधींच्या १८८१ च्या कायद्यांत नोटरी नेमण्याची तरतूद झाली, कारण परदेशी हुंडी नाकारली गेली तर तशी अधिकृत नोंद करणारा कोणी तरी व्यापाऱ्यांना हवा होता. स्वतंत्र नोटरी कायदा १९५२ चा, आणि तो अमलांत आला १९५६ सालीं. आज बहुधा दहा वर्षें वकिली केलेल्या माणसाला ही सनद मिळते. स्त्रियांना व मागासवर्गीयांना सात वर्षें पुरतात. त्याला हद्द नेमून दिलेली असते. त्याचा शिक्का वाटोळा असून त्यावर त्याचें नांव, क्षेत्र आणि नोंदणीक्रमांक असतो. पण माझ्या मतें त्याचें खरें हत्यार शिक्का नव्हे, वही. केलेलें प्रत्येक काम त्यानें एका नोंदवहींत लिहावयाचें, आणि ज्याचें काम त्याची सही त्या ओळींत घ्यावयाची, असा नियम आहे.

ही वही मला महाग पडली, तें सांगतों. माझे थोरले बंधु आजारी होते आणि परगांवीं रुग्णालयांत पडून होते. गांवच्या जमिनीवर वारसांची नोंद व्हावयाची होती, व त्यासाठीं त्यांचें प्रतिज्ञापत्र हवें होतें. मीं मजकूर लिहिला, रुग्णालयांत त्यांची सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरीबाहेर झाडाखालीं मेज मांडून बसलेल्या एका नोटरीपाशीं गेलों. त्यानें वर पाहिलेंही नाहीं. दोन मिनिटांत शिक्का पडला. "सही करणारा कोठें आहे?" असें त्यानें विचारलें नाहीं, आणि मींही सांगितलें नाहीं. उलट, काय झटपट काम झालें म्हणून घरीं येऊन मीं त्याची तारीफ केली! दोन वर्षांनीं आमच्या एका चुलतभावानें हरकत घेतली. सुनावणींत त्याच्या वकिलानें दोनच गोष्टी मागितल्या : रुग्णालयाचा कागद आणि नोटरीची वही. कागदावरून बंधु त्या दिवशीं साठ मैलांवर खाटेवर होते, आणि वहींत त्यांच्या सहीची जागा कोरी होती. प्रतिज्ञापत्रावर मात्र "माझ्यासमक्ष हजर होऊन" असें ठळक छापलेलें. मजकुराचें अक्षर न् अक्षर खरें होतें. तरीही तो कागद बाजूला ठेवण्यांत आला. बंधु तोंवर वारले होते. दुसरा कागद कोण करून देणार? माझ्या वहिनीला पुढें जो त्रास झाला त्यांत त्या नोटरीइतकाच माझाही वांटा आहे.

ह्यावरून कोणी म्हणेल, आजारी माणसानें करावें तरी काय? सोपी गोष्ट आहे. कागद नोटरीकडे नेऊं नये, नोटरीला माणसाकडे आणावें. आपल्या हद्दींत तो घरीं येऊं शकतो, आणि फीखेरीज प्रवासखर्च घेण्याची सोय नियमांतच आहे. फीचा दर त्यानें कचेरींत व बाहेर दिसेल असा लावावयाचा असतो. तो वाचून जावें आणि पावती मागावी. आपण शिकलेले लोक भाजीवालीशीं घासाघीस करतों, आणि शिक्का दिसला कीं सांगेल तो आंकडा देऊन मोकळे होतों.

मात्र नोटरी आला म्हणजे सर्व भागलें असें नव्हे. महाराष्ट्रांत घर भाड्यानें देण्याचा करार नोंदविलाच पाहिजे, असें १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो आणि ती जबाबदारी मालकावर टाकतो. पुष्कळ सुशिक्षित घरांत अजून नोटरीचा शिक्का मारून करार कपाटांत टाकतात, तें चूक आहे. शंभर रुपयांच्या वरचें घर किंवा जमीन विकण्याचा दस्तऐवज दुय्यम निबंधकाकडेच जावा लागतो. त्यालाही आजारी माणसाच्या घरीं येतां येतें, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३१ व्या कलमांत तशी तरतूद आहे. मृत्युपत्राला तर नोटरीची सक्ती मुळींच नाहीं. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोटरीच्या शिक्क्यानें लग्न लागत नाहीं आणि काडीमोडही होत नाहीं. तशा कागदांवर संसार मांडलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत, म्हणून सांगतों.

माझी एक भाची अमेरिकेंत न्यू जर्सींत असते. पुण्यांतील घराच्या व्यवहारासाठीं तिला भावाच्या नांवें मुखत्यारपत्र करावयाचें होतें. संध्याकाळीं एक बाई पिशवींत शिक्का घेऊन तिच्या घरीं आल्या. तिकडे असे फिरते नोटरी पुष्कळ आहेत, आणि ते वकील असलेच पाहिजेत असें नाहीं. त्या बाईंनीं ओळखपत्र पाहिलें, समोर सही करविली. पुढें त्या कागदाला तेथील राज्य सरकारचें अपोस्टील नांवाचें प्रमाणपत्र जोडावें लागलें. १९६१ च्या हेगच्या करारांतला हा प्रकार असून भारतांत तो २००५ पासून चालूं आहे. कागद येथें पोंचल्यावर तीन महिन्यांच्या आंत मुद्रांकशुल्क भरावें लागतें. तें विसरल्यामुळें लोकांना दंड पडतो. आणि गोव्यांत नोटरी म्हटलें कीं तिसरेंच चित्र. पोर्तुगीज अमलापासून तेथें मृत्युपत्र नोटरीच्या वहींत लिहिलें जाई, आणि वारस कोण हें सांगणारा दस्तऐवजही त्याच्यापुढें होई. २०१२ च्या गोव्याच्या कायद्यांत अशा अधिकाऱ्याला विशेष नोटरी म्हटलें आहे. तेव्हां पुणेकर, पणजीकर आणि न्यू जर्सीकर ह्यांनीं एकाच शब्दावरून वाद घालूं नये हें बरें!

आतां आमच्या चाळींतील काकूंची गोष्ट. वय ब्याऐंशी, मांडीचें हाड मोडल्यानें अंथरुणाला खिळलेल्या. पुतण्यानें कुलमुखत्यारपत्र तयार करून आणलें आणि नोटरीला घरीं बोलाविलें. माझा पूर्वींचा अनुभव काकूंना माहीत होता, म्हणून त्यांनीं मला बसवून घेतलें. नोटरी तरुणच होते. तिसरा मजला चढून आले, पाणी प्याले, आणि पुतण्याला म्हणाले, "आपण जरा बाहेर थांबा." मीही उठलों, तर काकूंनीं माझा हात धरला. ते म्हणाले, "मास्तर बसूं द्यात. आजी, ह्या कागदांत काय लिहिलें आहे, तें मला तुमच्या शब्दांत सांगा."

काकू म्हणाल्या, "बँकेंतून माझें पेन्शन काढायचा कागद आहे, दुसरें काय?"

कागद घर विकण्याचा अधिकार देणारा होता. पेन्शनचा उल्लेख सातव्या कलमांत एका ओळींत. नोटरींनीं तो सर्वच्या सर्व मराठींत समजावून सांगितला, सावकाश, मध्यें दोनदां थांबून. काकू ऐकत राहिल्या, आणि शेवटीं एवढेंच म्हणाल्या, "घर नको." त्यांनीं लेखणीचें टोपण लावलें. पुतण्याला आंत बोलावून सांगितलें कीं ह्या कागदावर मी शिक्का मारणार नाहीं. तो पुष्कळ तणतणला. दुसरा नोटरी आणतों म्हणाला. तो आणीलही, ही भीति मला अजून आहे.

पेन्शनपुरता नवा कागद मीं लिहून दिला. चार दिवसांनीं तेच नोटरी पुन्हां तीन जिने चढले. काकूंचा अंगठा कागदावर घेतला, वहींतही घेतला, आणि फीची पावती फाडून त्यांच्या उशाखालीं ठेवली. पुतण्या तेव्हांपासून माझ्याशीं बोलत नाहीं. काकू मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पेन्शन आल्याचा निरोप माझ्याकडे धाडतात, आणि बँकेचें पुस्तक मला वाचून दाखवावयास लावतात.